सलीमचाचांची वीत

मागच्या वर्षी ह्याच दिवाळी अंकाचे गठ्ठे मी छापखान्यातून वाहिले, अन् ह्या वर्षी त्याच अंकात मी लिहायलोय! झालं असं की संपादक मॅडम छापखान्याच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "थोडेच तर गठ्ठे आहेत, टाका ना मागं पटापट." मी म्हणलं, "मॅडम, कागदासारखं फसवं वजन दुसरं नाय. फ्रीज मोठा दिसतो म्हणून चार जण पळत येतात. गठ्ठा बारका दिसतो अन् कंबर धरतो." मग मी अर्धा तास त्यांना माल कसा रचायचा ते सांगत बसलो, अन् त्या बी ऐकत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "हे लिहून दे." म्हणलं, मला लिहिता येत नाय. "मोबाईलवर दिवसभर टाईप करतोस ना? तसंच कर."

तर करायलोय. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गाडी भरायला नंबर लावलाय, पुढं तीन गाड्या हायेत, दोन्ही अंगठे मोकळे हायेत. चुकलं तर माफ करा, मला मागं फिरून वाचायची सवय नाय, मागं फक्त आरशात बघतो.

सांगायचंय ते मंदामावशीच्या गिरणीचं. पण त्याच्या आधी सलीमचाचा सांगावे लागतात, कारण गाडी त्यांची अन् अक्कल बी त्यांचीच.

सलीमचाचा तीस वर्षांपासून संभाजीनगरात मालाची गाडी चालवतात. पहिले तीनचाकी, मग ही पिकअप. मी त्यांच्याकडं लागलो तेव्हा मला वाटायचं, चालवणं म्हणजे काम अन् भरणं म्हणजे हमाली. चाचांनी पहिल्याच दिवशी उलटं सांगितलं. "चलाते तो सब है. गाडी भरताना पोहोचते रे लंबू, चालवताना नाय." लंबू म्हणजे मी. सहा फुटाच्या वर हाय, व्हॉलीबॉल खेळायचो. माझं योगेश नाव चाचांच्या तोंडून मी एकदाच ऐकलंय, ते पुढं येईल.

चाचांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच हाय. फार वर्षांपूर्वी फाळक्यात गेली. फाळका म्हणजे गाडीच्या मागचं झाकण, जे खाली पडतं अन् माल चढतो उतरतो. कोणी विचारलं की चाचा म्हणतात, "फाळके कू भाडा दिया." सगळे हसतात. मी बी हसायचो. ह्या करंगळीकडं लक्ष ठेवा.

आता बाहेरच्या माणसाला कळंल असं सांगतो. पिकअप म्हणजे शाळेतला सी-सॉ समजा. मागचं चाक म्हणजे मधला खांब. जड माल चाकाच्या पुढं, केबिनला चिकटून ठेवला की गाडी जमिनीला धरून चालते. तोच माल चाकाच्या मागं, फाळक्याजवळ ठेवला की गाडीचं तोंड वर उचलतं. अन् गाडी वळती कशानं? पुढच्या चाकांनी! तीच हवेत लटकल्यासारखी झाली तर स्टेअरिंग नुसतं हातात फिरतं. म्हणून जड पुढं अन् खाली, हलकं मागं अन् वर, मधी कुठंच फट नाय. फटीत गादी कोंबा, जुनं टायर कोंबा, पण मालाला हलायला जागा ठेवायची नाय.

गिऱ्हाईकाला हे सांगितलं की राग येतो. गुलमंडीतले एक कापडवाले शेठ तागे केबिनच्या वर डोंगरासारखे रचायला लावायचे. "कपडा आहे, हलका असतो." चाचा म्हणाले, "हौ शेठ, हलका है तो एक गठ्ठा उठाके दिखाव." शेठनी खरंच हात घातला, अन् मग बराच वेळ हिशोबाची वही बघत बसले. अजून एक साहेब फ्रीज आडवा न्या म्हणून अडून बसले होते, उभा राहिला तर थकतो म्हणे! माणसं लई भारी असतात, खरंच.

अन् चहा. गाडी भरून निघालो की एखाद दोन किलोमीटरवर थांबून चहा प्यायचा, हा चाचांचा कायदा. गिऱ्हाईकाला वाटतं ड्रायव्हर लोक आळशी. पण माल पहिल्या खड्ड्यांत बसतो, दबतो, अन् कचकून बांधलेली रस्सी ढिली पडती. चहा अर्धा कप, अन् रस्सी परत पूर्ण ताणायची. चहा नाय प्यायला तर चालतं, थांबलंच पाहिजे. पण चाचा चहा सोडत नाय, ते वेगळं.

शेवटचा कायदा वितीचा. गाडी भरून झाली की चाचा पुढच्या चाकापाशी बसतात. टायरच्या डोक्यावर अंगठा, अन् हात ताणून करंगळी वरच्या पत्र्याच्या कमानीला. "एक वीत. करंगळी पत्र्याला लागली तर चलो. लागली नाय, वरती हवा राहिली, तर गाडीनं तोंड उचललंय, माल पुढं सरकव." बस. काटा नाय, पट्टी नाय. तीन वर्षं मी हे रोज बघितलं. हात नेहमी चाचांचा. मी फक्त बघायचो.

मग चाचांचा गुडघा गेला. क्लच दाबला की तोंड वाकडं व्हायचं. एक दिवस म्हणाले, "एक जड फेरी तू अकेला कर. माल जसा घेतला तसा उतरव. फिर गाडी तू चला, मैं स्टँड पे बैठ के फोन उठाता." मी तर उडालोच! ती फेरी म्हणजे मंदामावशीची गिरणी.

मावशी मूळच्या पाचोडच्या. वीस वर्षं इथं विद्यापीठाकडच्या एका खानावळीत पोळ्या लाटल्या. आता गावाकडं परत निघाल्या होत्या, घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकायला. शहरातली एक जुनी गिरणी बंद झाली, तिथली त्यांनी उचलली. लोखंडी सांगाडा, वर मोटर, आत दगडाची जोडी. दगडाला त्यांनी मुद्दाम टाकी लावून घेतली होती, म्हणजे छिन्नीनं बारीक खाचा पाडून. त्या खाचांनीच पीठ होतं. टाकीवाले बाबा म्हणाले होते, ह्या मापाची जोडी आता बनत नाय, तडकली तर सांगाडा भंगारात घालायचा.

"लेकरा," मावशी मला म्हणाल्या, "वीस वर्षं दुसऱ्याच्या पिठाच्या पोळ्या लाटल्या मी. आता पीठ माझं. आज बाजाराचा दिवस, दुपारी चालू करणार म्हणून साऱ्या गल्लीला सांगून ठेवलंय. दगडाला धक्का लागला तर मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

म्हणलं, "मावशी, बिनघोर रहा."

लई बिनघोर होतो मी!

चार हमालांनी गिरणी उचलली. मी म्हणलं, केबिनकडं घ्या. मावशी म्हणाल्या, "अरं पुढं कशाला? तिकडं उतरवायला माणसं नाय, सारे बाजारात असतेत. तिच्या मागं येणार माझी पेटी, पोते, पलंग. ते सारं काढून मग गिरणी काढायला कोण हाय? मागंच ठेव, दाराला गाडी लावली की सरळ खाली."

मला पटलं बी अन् नाय बी. जड पुढं हा कायदा माहीत होता. पण डोकं चालवलं, की केबिनकडं गव्हाची दोन पोती टाकू, पेटी टाकू, म्हणजे पुढं बी वजन होईल. अन् शेवटी वीत हायेच की! वीत सांगंल ते खरं. गिरणी फाळक्याजवळ ठेवली, चारी बाजूनी गाद्या कोंबल्या, फुलीची रस्सी मारली. मग पुढच्या चाकापाशी बसलो. एकदम चाचांसारखा, एक गुडघा टेकून. अंगठा टायरवर, हात ताणला, करंगळी पत्र्याला. टेकली! नुसती टेकली नाय, आरामात टेकली.

भरल्या गाडीचा फोटो काढला, स्टेटसला टाकला, चाचांना पाठवला. मावशी केबिनमधी बसल्या, निघालो.

झाल्टा फाट्याला गाडी थांबवली. मावशी वैतागल्या. "आत्ताच तर निघालो, लगेच चहा? तुम्हा पोरायला निमित्तच पाहिजे." मी त्यांना खाली उतरवून रस्सी दाखवली. दोन बोटं आत जात होती, एवढी ढिली. परत ताणली, गाठ मारली. "बरं बाबा, हुशार हायेस," म्हणाल्या, अन् चहा बी प्यायल्या, वरून अर्धा अजून. मी असा फुगलो होतो ना, काय सांगू.

पुढं रस्ता मोकळा. अन् स्टेअरिंग इतकं हलकं! एका बोटानं फिरायलं. मी खूश. मनात म्हणलं, आज गाडी लोण्यासारखी चाललीय, माझा हातच तसा हाय. खरं सांगतो, तीन वर्षांत एवढी मजा आली नव्हती. तो धोका होता अन् मी मजा घेत होतो. ह्याची मला अजून लाज वाटती.

डॅशबोर्डवर फोन वाजला. सलीमचाचा. नाय उचलला. चालवताना फोन नाय, हा बी चाचांचाच कायदा. परत वाजला. परत. मावशी म्हणाल्या, "घे की, कोणीतरी तळमळायलंय." म्हणलं, "थांबलो की घेतो मावशी, आमचे उस्ताद लई कडक हायेत."

आडूळच्या अलीकडं एक बस बाजूनं सुसाट गेली. वाऱ्याचा झोत आला अन् गाडीचं तोंड आपोआप डावीकडं गेलं. मी उजवीकडं फिरवलं तर काहीच होईना, अन् मग एकदम झालं, जास्तच झालं! गाडी डुलायला लागली. समोर गतिरोधक. ब्रेकवर पाय जातच होता, पण कानात चाचा ओरडले, डुलत्या गाडीला ब्रेक मारू नको, नुसता पाय उचल. पाय उचलला. स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं. गतिरोधकावर पुढची चाकं वर गेली अन् खाली यायला इतका वेळ लागला ना, मी जेवून आलो असतो! मागून धाडकन आवाज आला. मावशी ओरडल्या, "माझी गिरणी!"

गाडी हळूहळू मेली अन् रसवंतीपुढं कडेला लागली. मागं जाऊन बघितलं तर गिरणी फाळक्यावर कललेली, फाळक्याच्या एका बाजूची साखळी ताणून तारेसारखी झालेली. रस्सीनं तिला धरून ठेवलं होतं. झाल्ट्याला ताणलेली ती रस्सी. ती ढिली असती तर गिरणी रस्त्यावर अन् मागचा मोटरसायकलवाला तिच्याखाली. हे मी आता लिहितो, तेव्हा विचार करायची हिंमत नव्हती.

पण दगड?

मावशी चप्पल काढून गाडीच्या हौद्यात चढल्या. गिरणीचं झाकण उघडलं. माझ्याकडं हात केला, "पाना दे." मी पाना दिला. त्यांनी दगडाच्या कडेला कान लावला अन् पान्यानं हळूच एक टोला दिला. चांगला दगड वाजतो, तडकलेला बदबद करतो. मला ते तेव्हा माहीत नव्हतं, मी नुसता त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

टण्ण.

त्यांनी दुसऱ्या बाजूला मारला. टण्ण.

"वाजला," मावशी म्हणाल्या. "वाजला रं लेकरा." अन् तिथंच पोत्यावर बसून पदरानं तोंड पुसायला लागल्या.

मग मी चाचांना फोन लावला. व्हिडिओ कॉल. चाचा दिसले ते नुसते कपाळ.

"अबे लंबू! फोटो देखके मेरी जान गई! तोंड उचललंय गाडीनं, फोटोत दिसायलं. फोन कायकू नय उठाया?"

"चालवत होतो चाचा."

"वो अच्छा किया. माल?"

"दगड चांगला हाय. पण चाचा, मी वीत लावली होती! आईशप्पथ लावली होती, टेकली होती!"

"झूट मत बोल."

"आत्ता लावून दाखवतो!" मला रडूच यायलं होतं. चाकापाशी बसलो, एका हातानं मोबाईल धरला.

"कॅमेरा खाली कर. मेरेकू तेरा थोबडा नक्को, चाक दाखव. लाव."

मी अंगठा टेकवला, करंगळी पत्र्याला लावली. "बघा! टेकली का नाय?"

चाचांचं कपाळ स्क्रीनवरून गायब झालं. मला वाटलं रेंज गेली. मग मोबाईलमधी त्यांचा हात दिसला, अर्ध्या करंगळीचा. तो त्यांनी माझ्या हाताच्या बाजूला यावा असा कॅमेऱ्यापुढं ताणून धरला.

"अरे बापरे," चाचा म्हणाले. "ये तेरी वीत है का झाडाची फांदी?"

तेव्हा दोघांना एकदमच कळलं. वीत चाचांची होती. अर्ध्या करंगळीची. माझ्या लांब हाताची करंगळी तर, गाडीनं आकाशाकडं तोंड केलं असतं तरी पत्र्याला टेकली असती. तीन वर्षं तो हात मी रोज बघितला, त्या बोटावर हसलो, पण कायदा त्या बोटाचा हाय हे माझ्या डोक्यात आलं नाय. अन् चाचांच्या बी नाय!

"तीस साल," ते हळू म्हणाले. "तीस साल में किसीने पूछा नय, मैंने बताया नय." मग एकदम, "योगेश, करंगळी मोड. मधल्या पेरात. हां. आता लाव."

लावली. करंगळीच्या अन् पत्र्याच्या मधी दोन बोटं हवा होती.

मग काय, सगळं खाली. रसवंतीवाले दादा, त्यांची तीन गिऱ्हाईकं, अन् मावशी. पोती उतरवली, पेटी उतरवली, गिरणी फळीवरून सरकवत सरकवत केबिनला टेकवली. चाचा मोबाईलमधून ओरडायले, "अजून, अजून, दुल्हन है क्या, लाजू नको!" रसवंतीवाले म्हणाले, "हे कोण बुवा हायेत?" मावशी म्हणाल्या, "ह्याचे उस्ताद. लई कडक हायेत." अन् हसल्या. त्या हसल्या तेव्हा माझा जीव खाली आला.

करंगळी मोडून परत वीत लावली. बरोब्बर टेकली. निघालो तर स्टेअरिंग जड. दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. अन् मला लई बरं वाटलं.

पाचोडला पोहोचलो तर बाजार फुल. मावशीची गल्ली बाजाराला लागूनच. गाडी दिसली की लोक जमले, भाजीवाले, बांगडीवाले, कोणाकोणाचे पाहुणे. उतरवायला माणसं नाय म्हणून गिरणी मागं ठेवली होती ना? आख्खा बाजार आला उतरवायला! बारा जणांनी उचलली, अन् बाराही जण सांगायले की दुसऱ्यांनी हातच लावला नाय.

वायरमननं मोटर जोडली. मावशीनी परत एकदा पान्यानं दगड वाजवला, सगळ्या गल्लीपुढं. टण्ण. मग बटण दाबलं. पहिलं पीठ पडलं, गरम गरम, अन् मावशीनी त्यात हात घातला तो काढलाच नाय बराच वेळ. मग एक म्हातारी मागून म्हणाली, "मंदे, आता आमचं दळणार का तुझंच बघत बसणार?"

परत येताना मावशीनी पिशवी दिली. "तुझ्या उस्तादाला दे. अन् सांग, त्याचा चहा मला पटला."

स्टँडवर आलो. वाटलं होतं शिव्या पडतील. चाचा मोबाईल कानाला लावून बसले होते. कितव्या फोनवर होते काय माहीत. ज्याला ज्याला त्यांनी वीत शिकवली होती, त्या प्रत्येकाला सकाळपासून फोन करायले होते. "हां, सुन, करंगळी अर्धी होना. हौ, मजाक नय." जालन्याचा एक ड्रायव्हर म्हणाला, चाचा माझा हात तर पहिलेच बारका हाय. तो बिचारा, करंगळी टेकावी म्हणून, इतकी वर्षं गाडी पुढंच दाबून भरायचा अन् म्हणायचा, स्टेअरिंग जड हाय, गाडीतच खोट हाय! चाचा फोन ठेवून एवढे हसले की गुडघा धरून बसले. पण डोळ्यात पाणी होतं, हसून आलं का कशानं, मी विचारलं नाय.

मी पिशवी दिली, म्हणलं, "चाचा, जसा घेतला तसा उतरवला नाय. मधी एकदा खाली काढला. फेरी फेल."

चाचांनी पिठाचा वास घेतला. "माल पोहोचला का?"

"पोहोचला."

"मग फेल कायकी?" अन् चावी माझ्या पुढं टाकली. "कल से तू. पण वीत मेरी."

एवढंच. आता पुढची गाडी हालली, माझा नंबर आलाय. आज माल हाय ज्वारीचा अन् वर चार प्लास्टिकच्या खुर्च्या, सोपा हाय. तरी फाळका लावला की मी पुढच्या चाकापाशी बसणार, अंगठा टायरवर ठेवणार, अन् माझी लांब करंगळी मधल्या पेरात मोडून चाचांएवढी करणार. मोंढ्यातले लोक बघतात, विचारतात, बोटाला काय झालं रे?

मी सांगतो, फाळक्याला भाडं दिलं.